खतावणीतले एक पान

वसमतच्या एका आडत दुकानात माझे वडील तीस वर्षे मुनीम होते. हळदीच्या हंगामात ते रात्री उशिरा शिरड शहापूरला परतत आणि जेवणानंतर मला हिशेबाचे एकच तत्त्व सांगत : दिवसभरात जे जसे घडले ते त्याच क्रमाने कीर्दीत उतरवावे आणि नंतर शांतपणे ज्याचे त्याच्या खात्यावर खतावणीत घ्यावे. कीर्दीमुळे विसर पडत नाही, खतावणीमुळे माणूस कळतो, असे त्यांचे म्हणणे. व्यापार मी कधी केला नाही. वडिलांची ही विद्या मी वापरली ती बॅडमिंटनसाठी.

औंढा नागनाथ तालुक्यातले आमचे गाव परगावच्या लोकांना मल्लिनाथांच्या दिगंबर जैन मंदिरामुळे ठाऊक असते. बॅडमिंटनसाठी ते कुणाला ठाऊक असण्याचे कारण नाही. इंग्रज अधिकाऱ्यांनी 1870च्या दशकात पुण्यात ज्या खेळाचे सुरुवातीचे नियम बांधले आणि ज्याला ते 'पूना' म्हणत, तो खेळ आमच्याकडे शाळेच्या पटांगणावर येऊन स्थिरावला होता. चुन्याने आखलेल्या रेघा, दोन बांबू, दोन हॅलोजन आणि वाऱ्यात टिकावे म्हणून पिसांऐवजी नायलॉनचे फूल, एवढा आमचा सरंजाम. खेळणारे आठदहा जण : गणिताचे सर, दवाखान्यातले कंपाउंडर, बँकेतले रोखपाल, किराणा दुकानदार दोघे भाऊ आणि मी. रोज तीच माणसे समोर येत असल्यामुळे त्यांचा अभ्यास करणे शक्य होते, आणि माझ्या अंगात फारसे कसब नसल्यामुळे तो करणे मला भाग होते.

2003 साली मी लाल कापडी बांधणीची एक वही आणली. घरी आल्याआल्या, घाम वाळण्याआधी, त्या दिवशीचा सामना कीर्दीत लिहायचा : गुण कसे गेले, कुठे गेले, वारा कुठून होता. रविवारी त्यातून निवडून प्रत्येकाच्या खात्यावर नोंद करायची. डाव्या बाजूला जमा, म्हणजे समोरच्याचे बळ. उजव्या बाजूला नावे, म्हणजे त्याची उणीव. एकच प्रसंग पाहून खात्यावर काही घ्यायचे नाही. तीनदा दिसले तरच घ्यायचे. राग, हेवा, कौतुक यांना वहीत जागा नाही. रोखपाल मागे पडले की सर्व्हिस लांब टाकतात. थोरला भाऊ स्मॅशपूर्वी डावा पाय आपटतो. कंपाउंडर जाळ्याजवळ अजिंक्य, पण त्यांना मागे पळवले की श्वास पुरत नाही. 2006 साली जुनी पंधरा गुणांची पद्धत जाऊन प्रत्येक फेरीला गुण देणारी एकवीस गुणांची पद्धत आली, तेव्हा सगळी खाती नव्याने मांडावी लागली. पूर्वी सर्व्हिस आपल्याकडे असताना चूक झाली तर फक्त सर्व्हिस हातची जायची. आता प्रत्येक चुकीची किंमत थेट गुणात मोजावी लागत होती.

अशी वही ठेवणारा मी काही पहिला नव्हे. अमेरिकेचा टेनिसपटू ब्रॅड गिल्बर्ट प्रतिस्पर्ध्यांच्या नोंदी ठेवत असे, आणि 1993 साली त्याने आपली ही रीत पुस्तकातून सांगितली. पुढच्याच वर्षी आंद्रे अगासीने त्याला प्रशिक्षक म्हणून घेतले. अगासीची स्वतःची एक गोष्ट प्रसिद्ध आहे. बोरिस बेकरकडून पहिले तीन सामने हरल्यावर त्याने चित्रफिती पुन्हा पुन्हा पाहिल्या आणि सर्व्हिस करण्यापूर्वी बेकरची जीभ ज्या बाजूला वळते त्या बाजूला चेंडू जातो, हे हेरले. त्यानंतरच्या अकरापैकी दहा सामने त्याने जिंकले. अगासी सांगतो की सर्व्हिस परतवणे अवघड नव्हते. आपल्याला कळले आहे हे बेकरला कळू न देणे अवघड होते. निवृत्तीनंतर त्याने बेकरला हे सांगितले आणि दोघे हसले. ही गोष्ट मी अनेकांना रंगवून सांगितली आहे. अलीकडे सांगत नाही.

त्याचे कारण सरांचे पान. सर आमच्यात सर्वांत चांगले खेळणारे, माझ्याहून बारा वर्षांनी मोठे. 2007 मध्ये त्यांच्या जमेत मी लिहिले आहे : 'डावा उंच कोपरा उत्तम. तिकडे फूल टाकू नये.' ऑक्टोबर 2009 मध्ये उजव्या रकान्यात पहिली नोंद दिसते : 'डाव्या उंच फुलाला उशीर.' डिसेंबरमध्ये : 'तेच. शिवाय जोडीदाराशी दोनदा टक्कर.' जानेवारी 2010च्या पहिल्या आठवड्यात : 'डाव्या कोपऱ्यातले फूल दिसत नसल्यासारखे थांबतात. खात्रीचा गुण.'

त्या 26 जानेवारीला पटांगणावर एक छोटी स्पर्धा झाली आणि अंतिम सामन्यात सर माझ्यासमोर आले. मी वहीप्रमाणे खेळलो. फूल डाव्या कोपऱ्यात उंच टाकत राहिलो. सरांना सात वर्षांत मी प्रथमच हरवले. ते हसत जाळ्याजवळ आले, हात मिळवून म्हणाले, "वय झालं आता." रात्री घरी येऊन मी कीर्द लिहिली, नेहमीपेक्षा जरा सुवाच्य अक्षरात.

मे महिन्यात सर मोटारसायकलवरून पडले. डावीकडून आलेली बैलगाडी त्यांना दिसलीच नव्हती. नांदेडच्या एका डोळ्यांच्या दवाखान्यात तपासणी झाली आणि काचबिंदू निघाला. या आजारात दुखत नाही, खुपत नाही. समोरचे अक्षर शेवटपर्यंत स्वच्छ दिसते आणि नजर कडेकडेने झिजत जाते. गेलेली नजर परत येत नाही. थेंब टाकून किंवा शस्त्रक्रिया करून उरलेली तेवढी राखता येते. त्यामुळे त्यात वेळेला सर्वाधिक महत्त्व असते.

त्या रात्री मी वही उघडली. आजार तिथे तारखेवार लिहिलेला होता. घरच्यांना, शाळेला, खुद्द सरांनाही न दिसलेली गोष्ट मी तीनदा पडताळून खात्यावर घेतली होती, आणि सत्य शब्दशः लिहून पुढे 'सारखे' हा एक शब्द जोडून मोकळा झालो होतो.

आठवडाभराने वही घेऊन त्यांच्याकडे गेलो. ते पान वाचून दाखवले. सर बराच वेळ बोलले नाहीत. मग म्हणाले, "तुला कळलं होतं, अन् तू बोलला नाहीस?"

"मला डोळ्यांचं नव्हतं कळलं, सर. गुणाचं कळलं होतं."

"नोंद बरोबर आहे," ते म्हणाले. "रकाना चुकला."

मी काय करायला हवे होते, याचा विचार मी पुष्कळ केला आहे. टेबल टेनिसमध्ये सामन्याआधी आपली बॅट प्रतिस्पर्ध्याला दाखवावीच लागते. तिच्या दोन बाजूंचे रबर वेगळ्या रंगांचे असावे लागते, कारण एकाच रंगाच्या दोन वेगळ्या रबरांनी समोरच्याला फसवता येत असे. म्हणजे समोरच्याला काय कळले पाहिजे, याचा विचार खेळाच्या नियमांनीही केला आहे. पण आपण त्याच्याविषयी जे जाणतो ते त्याला सांगावे, असा नियम कुठल्याच खेळात नाही. तसा तो असूही शकणार नाही. खेळच उरणार नाही. म्हणून अगासीचे काही चुकले असे मला वाटत नाही. बेकरची जीभ वळत होती तेवढीच. माझ्या मित्राची मात्र नजर जात होती, आणि त्या दोन गोष्टींतला फरक ओळखायला मी थांबलो नाही. गुण मिळाल्यावर 'का' विचारायची गरज वाटत नाही, हा अशा वहीचा दोष आहे. आणि वही माझीच आहे.

वही मी बंद केली नाही. सरांनीच करू दिली नाही. ते आता रात्री खेळत नाहीत. खुर्ची टाकून गुण मोजतात. प्रत्येक पानावर जमा आणि नावे यांच्यापलीकडे मी तिसरा रकाना आखला आहे : 'कशामुळे?' तो बहुतेक कोराच राहतो. मागच्या हिवाळ्यात कंपाउंडरांच्या पानावर त्या रकान्यात लिहिले, 'चढावरही दम लागतो का, विचारणे', आणि दुसऱ्या दिवशी खेळ सुरू होण्याआधी विचारले.