पसरणीच्या घाटात आमची जीप

मैत्रिणींनो, वाईच्या घरामागे मामंजींची जीप अकरा वर्षं पत्र्याखाली उभी होती. १९६२ सालची, महिंद्रांची सीजे-३बी. इंजिन उंच, म्हणून बॉनेटही उंच. भंगारवाला भाव ठरवून गेला त्या रात्री सासूबाई जेवल्या नाहीत. शेवटी हेच म्हणाले, "राहू दे, आपणच दुरुस्त करू."

दोन वर्षं सगळ्या सुट्ट्या तिच्यातच गेल्या. गंजके बोल्ट रात्रभर डिझेलमध्ये भिजवायचे, सकाळी मुलांनी तारेच्या ब्रशनं घासायचे. कुठला नट कुठला, ते चिठ्ठ्या लावून मी पापडाच्या डब्यांत ठेवलं. (डब्यांचा वास अजून गेला नाही, ते असो!) खर्चावरून आमचं दोनदा चांगलंच वाजलं.

गेल्या दिवाळीत पाचगणीला निघालो. पसरणी घाटात निम्म्यावर रेडिएटरचं पाणी उकळलं. खाली वाई, पलीकडे धोमचा जलाशय.

"ह्याच वळणावर ते गाडी निववायचे," सासूबाई म्हणाल्या. "तेव्हा खाली धरणाचं पाणी नव्हतं गं." आणि पदरानं बॉनेटवरची धूळ पुसू लागल्या.

रेडिएटरचं झाकण गरम असताना मुळीच उघडू नका हं. आम्हीही अर्धा तास थांबलो. मग पाणी भरलं आणि निघालो. पुढच्या सीटवर ह्यांच्या शेजारी सासूबाईच बसल्या होत्या.