पश्चिमेची भिंत

9 जुलै
रत्नागिरी तालुक्यात खाडीकाठच्या एका गावी मशिदीची जागा पाहून आले. जुनी कौलारू मशीद मोडकळीला आली आहे, जमातीला नवी बांधायची आहे. पावसाने दिवसभर उघडीप दिली नाही ते बरंच झालं, झड कुठून येते ते डोळ्यांनी पाहता आलं. इथून किब्ला, म्हणजे मक्केची दिशा, पश्चिमेला, तेरा-एक अंश उत्तरेकडे कललेली. मोसमी पाऊसही समुद्रावरून तिकडूनच मारतो. म्हणजे मेहराबीची भिंतच सगळ्यात जास्त भिजणार. जुन्या मेहराबीला बाहेरून शेवाळ धरलंय, आतून चुन्याचे पोपडे सुटलेत. माझ्या नकाशातला पहिला प्रश्न हाच. घुमट वगैरे नंतर.

11 जुलै
जमातीची बैठक. कुवेतहून सुटीवर आलेल्या एका पोराने मोबाइलवर चित्र दाखवलं : हिरवा घुमट, चार मिनार, दर्शनी काच. वर्गणीत आखाताचा वाटा मोठा, त्यामुळे ऐकून घेतलं. वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो तिथे काँक्रीटचा घुमट किती टिकतो, हे मात्र त्याच्याच चाचांनी काढलं. शेजारगावचा दर पावसाळ्यात गळतो म्हणे. मी फोंड्याच्या साफा मशिदीचा फोटो पुढे केला. आदिलशाहीतली, 1560ची. उतरतं कौलारू छप्पर, शेजारी जांभ्याची तळी, घुमट नाही. मग कालिकतची मिश्काल मशीद, लाकडी, मजल्यांवर मजले. 1510 मध्ये पोर्तुगीजांनी ती पेटवली, तरी लोकांनी पुन्हा उभी केली.
"ते गोव्याचं आणि केरळचं झालं मॅडम. आपलं काय?"
मुतवल्ली म्हणाले, "अरे, आपलं मोडतंय ते काय आहे मग?"

2 ऑगस्ट
कोकणातल्या घराला पडवी पुढे असते. मी ती मागेही घेतली. किब्ल्याच्या भिंतीबाहेर चार फुटांची बंद पडवी, छप्पर तिच्यावरून खाली उतरवलेलं. पावसाचा मार तिच्या बाहेरच्या भिंतीवर, मेहराब आत कोरडी. भिंतीत खिडकी नाही. उजेडासाठी मेहराबीच्या वर काचेच्या कौलांचा एक पट्टा. पडवीच्या उत्तर टोकाला जनाज्याची खाट आणि जादा चटया राहतील. हे ऐकल्यावर नकाशाकडे न बघणारेही पुढे सरकले.
खांबांचा घोळ मात्र सुटला नाही. नमाजाच्या एका रांगेला, म्हणजे सफेला, चार फूट लागतात आणि सफ मध्येच खांबाने तुटलेली कुणालाच नको असते. सागाच्या तुळईने एवढा गाळा झेपणार नाही. शेवटी लोखंडी कैच्या, वर वासे-रीप आणि मंगलोरी कौलं. कैच्या लाकडात मढवून लपवायच्या नाहीत, असं मी ठरवलंय. सुतारकामाचं सोंग मला आवडत नाही.

20 सप्टेंबर
ढाक्याच्या बैत-उर-रौफ मशिदीचे नकाशे पुन्हा काढून बसले. मरीना तबस्सुम यांचं 2012चं काम, 2016 मध्ये आगाखान पुरस्कार. नुसती वीट, ना घुमट, ना मिनार. तिथे छतातल्या गोल झरोक्यांतून उजेडाचे कवडसे पडतात. नक्कल करण्यात अर्थ नाही, ती वीट बंगालची आहे. धीर तेवढा घ्यायचा.
बायकांच्या जागेचा विषय एका शिक्षिकाबाईंनी काढला. त्यांना माळा नको, तळमजल्यालाच जागा हवी, वेगळ्या पायऱ्या आणि वेगळा वजूखाना. त्यासाठी दक्षिणेची पडवी रुंद केली. खर्च वाढला, तरी हा बदल कुणी मागे घ्यायला लावला तर मी भांडेन.

14 ऑक्टोबर
चिरेखाणीवर. ताजा चिरा कुऱ्हाडीने तासता येतो, हवा लागली की घट्ट होतो. पण पाणी पितो. म्हणून जोत्यापासून तीन फूट चुन्याचा गिलावा, वरचा चिरा उघडा, आणि पागोळ्या भिंतीपासून लांब पडतील एवढी वळचण. पावसाचं पाणी पन्हळीतून वजूच्या हौदात, वजूचं सांडपाणी माडांना.

6 नोव्हेंबर
नकाशा मंजूर. घुमट रद्द. कुवेतकरांच्या आग्रहाखातर जांभ्याचा एक बुटका मिनार राहिला, इमारतीपासून सुटा. मला तो आजही अनावश्यक वाटतो, पण त्यातून पाणी गळणार नाही.