पावसाला प्रश्न विचारणाऱ्या सुलोचनाबाई

पावसाने ओढ दिली की मला हवामानशास्त्रज्ञ सुलोचना गाडगीळ आठवतात. पुण्यात वाढलेल्या, हार्वर्डहून डॉक्टरेट घेऊन मायदेशी परतलेल्या आणि पुढे बंगळुरूच्या भारतीय विज्ञान संस्थेत रमलेल्या.

जमीन तापते म्हणून मान्सून येतो, हे आपण शाळेत घोकलं. बाईंनी साधा सवाल केला: दुष्काळी वर्षात जमीन तर जास्तच तापलेली असते, मग पाऊस का नाही? हवामानशास्त्रज्ञ डी. आर. सिक्का यांच्यासोबत त्यांनी उपग्रहांची रोजची छायाचित्रं तपासली. समुद्रावरचा ढगांचा पट्टा हंगामात पुनःपुन्हा उत्तरेला जमिनीकडे सरकतो आणि पाऊस देतो, हे त्यांनी १९८० मध्ये दाखवलं.

एल निनो, म्हणजे प्रशांत महासागराचं तापणं, सहसा आपला पाऊस घटवतो. १९९७ मध्ये तो अतितीव्र होता, तरी पाऊस सरासरी गाठून गेला. २००२ मध्ये एल निनो त्यामानाने सौम्य, पण जुलै कोरडा. या विसंगतीचा माग काढताना त्या हिंदी महासागरापाशी पोचल्या: विषुववृत्तालगत त्याच्या पश्चिम भागावर ढग दाटले तर आपलं फावतं, पूर्वेकडे दाटले तर पाऊस रुसतो.

मला सगळ्यात भावतं ते कर्नाटकातल्या पावगडचं काम. तिथल्या कोरडवाहू शेतकऱ्यांशी बोलून, भुईमूग कधी पेरावा याचा शोध त्यांनी पावसाच्या जुन्या नोंदींतून घेतला. २०२५ च्या जुलैत त्या आपल्यातून गेल्या. अंदाज शेतकऱ्याच्या पेरणीला उपयोगी पडला तरच तो खरा, ही त्यांची शिकवण आपण जपली पाहिजे.