मिरा रोडची मंडळी आणि माझा आगाऊपणा

चर्च काढायचं म्हणजे आधी हॉल बघायचा, डिपॉझिट जमवायचं, खुर्च्या घ्यायच्या. पाळक, बिशप वगैरे मागाहून बघू. माझं गणित इतकं सरळ होतं. हाउसिंग सोसायटीची सेक्रेटरीगिरी केलेल्या माणसाला दुसरं काय सुचणार?

मिरा रोडला आम्ही आलो ते इतरांसारखेच, जागा परवडली म्हणून. १९९१च्या जनगणनेत मिरा-भाईंदरची वस्ती पावणेदोन लाखांच्या आसपास होती, २०११ला ती आठ लाखांवर गेली. त्या लोंढ्यात गिरगाव, परळ, भायखळ्याच्या चाळींतून उठलेली मराठी ख्रिस्ती घरंही होती. हा तसा कॅथलिकांचा जुना मुलूख. उत्तन, डोंगरीच्या ईस्ट इंडियन गावांत पोर्तुगीज काळापासून चर्च आहेत. त्यामुळे आमची अडचण शेजाऱ्यांना पटत नसे. ‘भाईंदरला एवढं मोठं चर्च आहे की!’ असं म्हणून ते मोकळे. आम्ही प्रॉटेस्टंट, आमची उपासना वेगळी, हे समजावेपर्यंत लिफ्ट त्यांच्या मजल्यावर पोचलेली असे. मग रविवारी सकाळी कुणी चर्नी रोडला उतरायचं, कुणी दादरला गाडी बदलून भायखळा गाठायचं. जंबोब्लॉक असला की प्रार्थना घरीच.

त्यातूनच घरगुती सभा सुरू झाल्या. आमच्या हॉलमध्ये सतरंजी अंथरायची, टीव्हीवर कापड टाकायचं, हार्मोनियम डायनिंग टेबलावर. गाणी सगळ्यांची एकच होती, रेव्हरंड टिळकांची, त्यामुळे पहिले काही आठवडे आपण सगळे एकाच घरातले आहोत असं वाटत राहिलं. तसे आम्ही नव्हतो. माझं घराणं गिरगावच्या इमॅन्युएल चर्चचं, म्हणजे चर्च मिशनरी सोसायटीच्या अँग्लिकन वळणाचं. छापील प्रार्थनापुस्तक, गुडघे टेकणं, दृढीकरणाला बिशप. बाकीचे बरेचसे नगरकडचे. त्यांचे आजे-पणजे अमेरिकन मराठी मिशनचे, भायखळ्याच्या ह्यूम मेमोरियलला जाणारे. त्यांची प्रार्थना उत्स्फूर्त, बसून, डोळे मिटून, आणि खरं सांगायचं तर बरीच लांब. २९ नोव्हेंबर १९७० रोजी नागपुरात सहा मंडळ्या एकत्र येऊन चर्च ऑफ नॉर्थ इंडिया झालं, त्यात ही दोन्ही घराणी आली. हे चर्च जगभरच्या अँग्लिकन परिवारात आहे, तसंच रिफॉर्म्ड आणि मेथडिस्ट परिवारांतही आहे. कागदावर आम्ही तेव्हापासून एक. पण जुन्या मुंबईत प्रत्येकाला आपापलं चर्च होतं, त्यामुळे एकाच खोलीत बसायची वेळ कधी आली नव्हती. ती आमच्या हॉलमध्ये आली, आणि यजमान मी असल्यामुळे रीत माझी चालणार, हे मी गृहीत धरलं.

मी प्रार्थनापुस्तकाच्या झेरॉक्स काढून वाटल्या. सायंप्रार्थना चालवायला दीक्षा झालेला पाळक लागत नाही, हे मला ठाऊक होतं. म्हणून मीच उभा राहिलो. सगळ्यांनी मिळून पापांगीकार म्हटला, आणि त्यापाठोपाठ असलेली क्षमेची घोषणा मी खणखणीत आवाजात वाचून टाकली. सभा संपल्यावर नगरच्या एक मावशी, निवृत्त नर्स, चहाचा कप माझ्या हातात देत म्हणाल्या, “भाऊ, ते बारीक अक्षरातलं वाचलंत का?” मी वाचलं नव्हतं. त्यात लिहिलं होतं की ही घोषणा दीक्षित पाळकानंच करायची. मी ज्यांना पुस्तकाची शिस्त शिकवायला निघालो होतो, त्यांनीच ते पुस्तक नीट वाचलं होतं. ती चूक मी कबूल केली असती तर तिथेच मिटलं असतं. मी म्हणालो, “तो नुसता छापण्याचा नियम आहे.” पुढच्या आठवड्यात दोन कुटुंबं आली नाहीत.

यानंतर प्याल्याचा वाद. प्रभुभोजन अजून व्हायचंच होतं, त्यासाठी पाळक यायचे होते, पण भांडण आधीच. आमच्याकडे सगळ्यांना एकच प्याला. नगरकडच्यांच्या मंडळ्यांत लहान लहान काचेच्या पेल्या ट्रेमधून फिरत. मावशींनी स्वच्छतेचा मुद्दा काढला, नर्सच त्या. मी परंपरेचा काढला. वास्तविक संयुक्त चर्चमध्ये दोन्ही रिवाज नांदतात. कुठली पद्धत ठेवायची ते आलेल्या पाळकांनी मंडळीशी बोलून ठरवलं असतं. मी मात्र चोर बाजारात जाऊन पितळेचा एक उंच प्याला घेऊन आलो. आतून कल्हई नाही, त्यात द्राक्षरस ओतला तर कळकणार, हेही मावशींनीच दाखवलं.

पण खरी मोठी चूक पैशाची. इमारतनिधी म्हणून आम्ही वर्गणी गोळा करायला लागलो आणि ती माझ्या व आणखी एका गृहस्थाच्या जॉइंट खात्यात ठेवली. पावतीपुस्तक छापलं, त्यावर मंडळीचं नाव, खाली माझी सही. अशी मंडळी अधिकृतपणे कुठेच नव्हती. सार्वजनिक विश्वस्त संस्थांचा १९५०चा कायदा आहे, चर्चच्या मिळकती नोंदणीकृत ट्रस्टकडे असतात, कुणा दोघांच्या नावे नसतात, हे मला सेक्रेटरी म्हणून तरी कळायला हवं होतं. त्यात एका एजंटानं गाळा दाखवला, ‘उद्या जाईल’ म्हणाला, आणि मी कुणालाही न विचारता टोकन दिलं. गाळ्यात प्रार्थना होणार म्हटल्यावर मालक फिरला. टोकनातलं निम्मं परत आलं. उरलेलं मी भरलं, पण पैशापेक्षा लोकांच्या डोळ्यांतली शंका जास्त महाग पडली.

एवढं झाल्यावर एका जुन्या मंडळीच्या पाळकसाहेबांना भेटायला गेलो. तेही मदत मागायला नव्हे, सही मागायला. बिशपसाहेबांची परवानगी म्हणजे माझ्या लेखी वॉर्ड ऑफिसची एनओसी. वर इतिहासही ऐकवला. फोर्टातलं सेंट थॉमस घ्या. जेराल्ड ऑंजियरच्या काळात, १६७६ला पाया घातला, जवळपास चाळीस वर्षं काम अर्धवट पडलं, १७१८च्या नाताळात उघडलं. आणि कलकत्त्याचे बिशप मिडल्टन येऊन त्याचं विधिवत समर्पण झालं ते १८१६ला. बिशपवाचून शंभर वर्षं चर्च चाललंच ना? पाळकसाहेब शांतपणे म्हणाले, “चाललं, कारण रिचर्ड कॉब होता. पाठवलेला, दीक्षा झालेला पाळक. भिंती त्यानंच मागे लागून उभ्या केल्या. तुमच्याकडे पावतीपुस्तक आहे, प्याला आहे. माणूस कुठाय?”

मग त्यांनी रीत सांगितली. आधी जवळच्या मान्य पॅस्टोरेटच्या, म्हणजे स्वतःचा पाळक असलेल्या मंडळीच्या, कमिटीपुढे विषय मांडा, तिची शाखा म्हणून उभे राहा. पाळक येऊन प्रभुभोजन देतील, बाप्तिस्मे आणि लग्नं त्यांच्या रजिस्टरमध्ये चढतील, दानार्पण त्यांच्या हिशेबात जाईल. सभासद टिकले, पाळकाचा पगार देण्याइतकी ऐपत आली की स्वतंत्र पॅस्टोरेटचा अर्ज करा. मला हे सरकारी वाटलं. मावशींना अजिबात नाही. त्या म्हणाल्या, आमच्या गावातली मंडळीही अशीच वाढली, आधी झाडाखाली.

पैसे परत करायला मी दारोदार गेलो. बहुतेकांनी घेतले, काहींनी ‘शाखेत जमा करा’ म्हटलं, एका काकांनी दारातूनच वाट दाखवली. आता महिन्यातून एकदा एका शाळेच्या वर्गात पाळक येतात, बाकीचे रविवार साधी उपासना. पेल्या ट्रेमधून फिरतात आणि ज्यांना हवं त्यांच्यासाठी प्यालाही असतो, स्टीलचा. हंगामाच्या सणाला, सभासदांनी अर्पण केलेल्या वस्तूंचा लिलाव झाला, तेव्हा मावशींनी आणलेल्या पपईवर मी बोली लावली आणि त्या दारात वाट दाखवणाऱ्या काकांनी ती मुद्दाम चढवत नेली. हिशेबाच्या वहीला मला हात लावू देत नाहीत. सध्या नवा वाद आहे. तरुण पोरांना एक उपासना हिंदीत हवी आहे, आणि यावेळी विरोध करणाऱ्यांत मावशी माझ्या बाजूला आहेत.