पहिल्या पाचांत

गेल्या हिवाळ्यातली गोष्ट. रविवारची सकाळ होती. चहाचा दुसरा कप आणि वर्तमानपत्र घेऊन मी निवांत बसलो होतो. इतक्यात धाकट्या भावाचा मुलगा आला आणि पायांतले भले मोठे बूट न काढताच उंबऱ्यावर बसला. वय पंधरा, उंची सहा फुटांना टेकलेली. एरवी आल्या आल्या स्वयंपाकघरात शिरून लाडवांचे डबे हुडकणारा हा मुलगा. पण त्या दिवशी काकूच्या हाकेलाही त्याने ओ दिली नाही.

"काका, सरांनी मला पहिल्या पाचांत घेतलंय. पण मी नको म्हणणार आहे."

बास्केटबॉलचा संघ बाराजणांचा, पण मैदानावर उतरतात पाचच. बाकीचे बाकावर. खेळ थांबला की बदली खेळाडू आत जातो, हवा तितक्या वेळा जातो. पण सामन्याचा पहिला चेंडू वर उडतो तेव्हा जे पाच उभे असतात त्यांचा मान निराळाच. पुतण्याची अडचण अशी, की त्याच्यासाठी ज्याला बाकावर बसवणार होते, त्याच मुलाने याला चेंडू हातात धरायला शिकवले होते. शिवाय त्याचे ते शाळेतले शेवटचे वर्ष.

उपदेशाची अशी संधी आमच्यासारख्या निवृत्तांना वारंवार येत नाही. पुतण्याच्या भिंतीवर कोबी ब्रायंटचे चित्र आहे, म्हणून मी तिथूनच आरंभ केला. "१९९६ साली हा तुझा ब्रायंट अठराव्या वर्षी लॉस एंजेलिस लेकर्समध्ये आला. पहिल्या हंगामात ७१ सामने खेळला, त्यांतल्या फक्त सहांत आरंभापासून. दुसऱ्या हंगामात ७९ सामन्यांत एकदाच! आणि गंमत पाहा, त्याच १९९८ साली प्रेक्षकांनी मते देऊन त्याला निवडक खेळाडूंच्या सामन्यात पहिल्या पाचांत बसवले. जगाने मानले, पण घरच्या पंगतीत पहिले पान नाही. काही बिघडले का त्याचे?"

मग मी माझी ठेवणीतली गोष्ट काढली. शाळेत असताना खो-खोच्या नऊजणांत माझी निवड झाली होती. पण एका वरच्या वर्गातल्या मुलासाठी मी ती जागा सोडली. गुरुजींनी भर प्रार्थनेच्या वेळी माझी पाठ थोपटली. ही गोष्ट आमच्या घरात प्रत्येकाने निदान दहादा तरी ऐकलेली आहे.

पुतण्या मुकाट्याने ऐकत होता. मग म्हणाला, "पण काका, १९९७ साली युटाविरुद्ध त्याचे चार चेंडू कडीला शिवलेसुद्धा नाहीत. संघ स्पर्धेतून बाहेर गेला. तरी पहिला हुकल्यावर त्याने दुसरा टाकला, तिसरा टाकला, चौथाही टाकला. तुम्हांला भीती नव्हती वाटली?"

प्रश्न साधा होता. पण माझा कप ओठांशीच थांबला. कारण त्या सामन्याला माझे वडील येणार होते. त्यांच्यादेखत मी पहिल्याच मिनिटाला बाद झालो तर? या एका धास्तीने मला रात्रभर झोप आली नव्हती. सकाळी मी जे केले त्याला गुरुजींनी त्याग म्हटले, आणि इतकी वर्षे मीही तेच म्हणत आलो.

"वाटली होती," मी म्हणालो. "खरे म्हणजे तेवढीच वाटली होती."

तो थोडा वेळ बुटाची नाडी ओढत राहिला. "मलापण तेच वाटतंय," तो हळूच म्हणाला.

त्या दुपारी तो आपणहून त्या मुलाच्या घरी गेला. काय बोलणे झाले ते मी विचारले नाही. मुलगा दोन दिवस रागावला होता, एवढे मात्र कळले. आणि ते साहजिकच होते. सामन्याला मी गेलो. पुतण्या पहिल्या पाचांत उभा राहिला आणि त्याचा पहिलाच चेंडू कडीवर आपटून बाहेर गेला. मी डोळे मिटले. उघडले तेव्हा तो चेंडूमागे धावत होता. उत्तरार्धात ते दोघेही मैदानावर होते, आणि एकमेकांना चेंडू देत होते.

खो-खोची ती गोष्ट मी आता घरात सांगत नाही. पण ज्याच्यावर मी उपकार केले असे इतकी वर्षे सांगत आलो, त्या माझ्या शाळासोबत्याच्या हाती हा अंक पडला, तर त्याला एवढेच कळावे, की बाबा रे, तू माझे काहीही देणे लागत नाहीस.