पायडल

नांदगाव हे मनमाड आणि चाळीसगावच्या मधलं रेल्वेलाइनवरचं गाव. तालुका दुष्काळी. पावसापेक्षा इथं फुफाटा जास्त. उन्हाळ्यातली धूळ भाकरीच्या टोपल्यात शिरते, तशी गाडीच्या सांध्यासांध्यांतही शिरते.

आमच्या अण्णांकडं महिंद्राची जुनी जीप होती. आजच्या गाड्यांचे क्लच-ब्रेक वरून लोंबतात. तिच्यात ती पायडलं फळीतून वर आलेली असत. दोन्ही एकाच दांड्यावर बसलेली अन् तो दांडा खाली, रस्त्याकडं उघडा. वाटेतला चिखल, शेण, धूळ, सगळं आधी त्याच्यावर.

एका पावसाळ्यात ब्रेकचं पायडल दाबल्यावर आळसावल्यागत वर यायला लागलं. अण्णा बुटाच्या टोकानं खालून उचलायचे. "म्हातारी झाली बिचारी," म्हणायचे अन् वरून इंजिन ऑइलची धार सोडायचे. दोन दिवस बरं चालायचं. मग पुन्हा तेच.

त्याच दिवसांत काकूला रात्री कळा सुरू झाल्या. मालेगावला न्यायचं ठरलं. निम्म्या वाटेत जीप जड झाली, जळका वास सुटला. उतरून पाहिलं तर चाकांचे ड्रम हात लावू देईनात. मागं काकू कण्हतेय, अन् अण्णा अंधारात जीपखाली आडवे होऊन पायडल उचकटतायत! ड्रम निवेपर्यंत आम्ही नुसते रस्त्याकडं बघत बसलो. वेळेत पोचलो, पोरगी सुखरूप झाली. पण ती अर्धी-पाऊण घटका घरात कुणी विसरलं नाही.

दुसऱ्या दिवशी मिस्तरी आले. अण्णांनी तेलाचा डबा पुढं केला, तो त्यांनी बाजूला ठेवला. "अण्णा, तेल नका पाजू तिला. धुळीवर तेल म्हणजे चिखलच की."

चाकांना दगड लावून त्यांनी फळी काढली. आधी ब्रेकच्या सिलिंडरकडं जाणारी सळई सोडवली अन् पायडल हातानं हलवून पाहिलं. "हे एकटंच सैल चाललं असतं, तर दुखणं सिलिंडरात. अडकतंय, म्हणजे दांड्यात." दांडा बाहेर आला, तेव्हा त्याच्यावर काळं किटण बसलेलं, वाळल्या गुळासारखं कडक. रॉकेलनं धुतलं, गंज पॉलिश पेपरनं घासला, ग्रीसचं बुजलेलं निप्पल सुईनं मोकळं केलं. मग गनने ग्रीस भरत राहिले, दोन्ही बाजूंनी जुनं काळं संपून नवं पिवळं दिसेपर्यंत. ताणून लांबलेली स्प्रिंगही बदलली.

सिलिंडरच्या रबराजवळ मात्र त्यांनी ग्रीस जाऊ दिलं नाही, रॉकेलही नाही. त्यानं रबर फुगतं. तिथं ब्रेक ऑइलच चालतं. मला जवळ बोलावून समजावलं, "सिलिंडरात बारीक भोक असतं. पाय काढला की दट्ट्या पुरा मागं येतो, भोक उघडतं, दाब सुटतो. पायडल वर आलंच नाही, तर भोक बंदच. तू पाय काढलेला, तरी ब्रेक लागलेलाच." म्हणून शेवटी त्यांनी पायडलाला बोटभर मोकळी चाल ठेवली. क्लचचंही तेच. तो अर्धवट दबलेला राहिला, तर प्लेट घसरून जळते.

मला तेव्हा बैलगाडीच्या आखाचं वंगण आठवलं. आजोबा आधी चिंधीनं आख पुसायचे, मगच नवं वंगण लावायचे. ती शिस्त घरात होतीच. जीप आली अन् ती गाडीबरोबर गोठ्यामागं पडून राहिली. यंत्राला वंगण नव्हे, आधी स्वच्छता लागते, हे बैलगाडीवाल्याला सांगावं लागत नव्हतं.

पुढं अण्णांनी पोळ्याचा दिवस धरला. पावसाचा चिखल तोवर भरपूर बसलेला असतो. सकाळी बैल धुऊन झाले, की रॉकेलचा डबा, चिंध्या अन् ग्रीसगन घेऊन ते जीपखाली शिरत. काकू ओरडायची, "अहो, पुरण निवलं!" खालून उत्तर यायचं, "अजून काळंच येतंय."