बोजा

माय गेली तेव्हा तिच्या पत्र्याच्या पेटीत दोन लुगडी, बाबासाहेबांचा फोटो आणि दंडाच्या पावत्यांचं एक पुडकं निघालं. तेवढीच तिची इस्टेट.

दंड कशाचा ते सांगतो. बा भूमिहीन. १९६४ साली दादासाहेब गायकवाडांनी भूमिहीनांचा सत्याग्रह पुकारला, तेव्हा बा जेलात जाऊन आला. आल्यावर गावच्या गायरानात त्यानं चार एकर माळ फोडला. गोटे वेचले, बांध घातले, ज्वारी पेरली. तिला आम्ही पट्टी म्हणायचो. सातबारावर मात्र सरकार. तलाठी यायचा, अतिक्रमण म्हणून दंड लावायचा, पावती फाडायचा. माय म्हणायची, "जपून ठिव लेका. दंड घेतला म्हंजी आपुन हितं हाओत हे सरकारला ठावं हाय."

१९९१ साली शासन निर्णय निघाला. १४ एप्रिल १९९० पर्यंतची गायरानावरची अतिक्रमणं नियमित करायची. बानं अर्ज दिला, पावत्यांच्या नकला जोडल्या. फाईल जी बसली ती बसलीच. बा त्याच वाटेकडं बघत मेला.

मग तिथं विमानाची धावपट्टी आली. शेजारच्या बागायतदारांच्या जमिनी गेल्या, त्यांना मावेजा मिळाला. आमचा नंबर आला तेव्हा साहेब म्हणाले, "तुमच्या नावावर जमीन आहेच कुठं? सरकारची जमीन सरकारनं घेतली." मायला मावेजा नाही, काम मिळालं. मुकादमाच्या हाताखाली, आमच्याच पट्टीत, खडी फोडायचं. रोजानं.

त्या धावपट्टीवर आजवर तिकीट काढून बसायचं विमान आलेलं नाही. निवडणुकीत पुढाऱ्यांचं येतं. गाड्यांचा ताफा धूळ उडवत जातो, की पुन्हा माळ मोकळा.

२०१६ साली केंद्र सरकारनं 'उडान' योजना आणली. हवाई चप्पल घालणाराही हवाई जहाजात बसला पाहिजे, असं पंतप्रधान म्हणाले. बंद पडलेली ५० विमानतळं आणि धावपट्ट्या उभ्या करायला २०१७ साली ४५०० कोटी मंजूर झाले. मी कारकुनी केलेला माणूस. योजनेचा कागद मिळवून वाचला. तासाभराच्या प्रवासाला सवलतीचं भाडं २५०० रुपये. खर्च आणि भाडं यांत जी तूट येईल ती तीन वर्षं सरकार भरून देणार. त्यातला पाचवा हिस्सा राज्याचा. शिवाय राज्यानं इंधनावरचा व्हॅट १ टक्क्यावर आणायचा, पोलीस आणि आगीचा बंब फुकट द्यायचा, वीज-पाणी सवलतीत द्यायचं. आणि जमीन? जमीन लागली तर विनामूल्य आणि बोजारहित द्यायची.

बोजारहित. हा शब्द मी दोनदा वाचला. सातबाऱ्यावर बँकेचा बोजा असतो हे मलाही कळतं. पण आमच्या पट्टीवर बँकेचं कर्ज कधी नव्हतंच. कोण देणार होतं? तिथं बोजा होता तो बा, माय आणि आम्ही चार लेकरं. तो आधीच उतरवून ठेवला होता.

दोस्तहो, खोटं कशाला बोलू, त्या विमानात मी बसलोय. २७ एप्रिल २०१७ ला सिमल्याबरोबर नांदेड-हैदराबाद विमानही सुरू झालं. पुढल्या साली मायच्या डोळ्याचं ऑपरेशन हैदराबादेत ठरलं. नांदेडपर्यंत बसनं गेलो, तिथून विमान. मायच्या पायात खरंच हवाई चप्पल होती. तिनं खिडकीला कपाळ लावलं. एक डोळा अधू, तरी खाली बघत राहिली. म्हणाली, "आपली पट्टी कोन्च्या अंगाला?" मी म्हणालो, "इथून न्हाई दिसत माय." ती गप बसली. मला मात्र विमान आवडलं. रात्रभराचा प्रवास तासात झाला, म्हातारीचे हाल वाचले.

पुढं ते विमान बंद पडलं. २०२४ साली नांदेडचं विमान दुसऱ्या कंपनीनं पुन्हा सुरू केलं. देशभर असंच. कॅगचा २०२३ चा अहवाल सांगतो : पहिल्या तीन टप्प्यांत ७७४ मार्ग दिले, ४०३ सुरूच झाले नाहीत. जे ३७१ सुरू झाले त्यातल्या ११२ मार्गांनीच तीन वर्षं पुरी केली. त्यानंतर टिकले ५४.

आमच्या गावची मुक्कामी बसही बंद झाली. पोरी त्याच बसनं कॉलेजला जायच्या. डेपोत विचारलं तर साहेब म्हणाले, "भारमान नाही. गाडी तोट्यात जाते." मी म्हणालो, "साहेब, विमानाची तूट भरता येते, मग या गाडीची कामून न्हाई?" ते हसले. त्यांना वाटलं मी गंमत करतोय.

विमान नको असं मी म्हणत नाही. आमच्या लोकांनी बैलगाडीतच बसावं असं म्हणणारे गावात पुष्कळ आहेत, त्यांच्या पंगतीत मी बसणार नाही. सरकारनं तूट जरूर भरावी. पण तूट फक्त कंपनीलाच येते का? चार एकराची तूट, फोडलेल्या खडीची तूट, घरी बसलेल्या पोरींची तूट, ही कोणत्या रकान्यात लिहायची?

पावत्या माझ्याजवळ आहेत. मोजून एकोणीस. ज्याला बघायच्या असतील त्यानं यावं. बस नाही, फाट्यावरून चालत यावं लागेल.